पंपाचा दीड आटा

धम्मपाल जीपखाली उताणा पडून चाकं फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर लोहचुंबकाचा तुकडा चिकटवत होता. तुकडा एका बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेला होता, आणि तो पक्का बसेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरायचं एवढंच काम आता उरलं होतं. बाजूला उकिडवा बसलेला आकाराम वाकून वाकून खाली बघत होता.

"धरलं काय सर?"

"धरतंय. घाई केली की निसटतं."

"न्हाय, घाई न्हाय," आकाराम म्हणाला. "आता कसली घाई."

धम्मपालनं अंगठा हलवला नाही.

तो तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होता. कळंब्याच्या लोकांच्या मते तो नादिष्ट होता, आणि त्याच्या बायकोच्या मते जरा जास्तच. गाडीची ताकद मोजायला मोठ्या कारखान्यांत लाखांचं यंत्र लागतं. हा पठ्ठ्या ते काम एक चुंबक, तांब्याच्या तारेचं वेटोळं, रेकॉर्डिंगवाला वॉकमन आणि तिसऱ्या हातातून आलेला कॉम्प्युटर यांच्यावर भागवायचा. शाफ्टचा एक फेरा झाला की चुंबक वेटोळ्यासमोरून जायचा आणि टेपवर 'टक्' असा आवाज उमटायचा. टेपच्या दुसऱ्या ट्रॅकवर भिंतीवरच्या घड्याळाचं आतलं सर्किट दर सेकंदाला एक ठोका देत राहायचं. सेल उतरून टेप रेंगाळली तरी घड्याळही तिच्याबरोबर रेंगाळणार, म्हणजे चूक सापडणार. मग घरी येऊन ती टेप कॉम्प्युटरला ऐकवायची. गाडीचं वजन ठाऊक असलं आणि ती किती झपाट्यानं वेग घेते ते कळलं, की पुढं टॉर्क आणि हॉर्सपॉवर काढणं हे नुसतं गणित. तो प्रोग्रॅम त्यानं दोन पावसाळे खपून स्वतः लिहिला होता.

उद्यमनगरातली पोरं पैजा मारून मोटारसायकली घेऊन यायची आणि बहुतेक करून तोंड पाडून परत जायची. सायलेन्सर बदलल्यानं आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असा त्यांचा समज असायचा, आणि धम्मपालचा कॉम्प्युटर कुणाच्या समजाला भीक घालायचा नाही.

आकाराम मात्र पैजेसाठी आला नव्हता. बिद्रीच्या पलीकडं, एका खिंडीमागच्या गावातून तो वडाप करायचा. सकाळ-संध्याकाळ जीपमध्ये माणसं भरायची आणि कोल्हापूरला ने-आण करायची. गेल्या दिवाळीत त्यानं जोतीराम मिस्त्रीकडून डिझेल पंपाचा स्क्रू दीड आटा मागं घेऊन घेतला होता. डिझेल कमी जातं, गाडी जरा मंद होते, पण अॅव्हरेज बाराचं चौदा होतं. वडापवाले सगळेच करतात. आकारामनं ते चौदा गावभर मिरवलं होतं. आणि दीड महिन्यातच, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, तो नरसोबाच्या वाडीची वर्दी, म्हणजे ठरलेलं भाडं, करून दुपारी दोन वाजता घरी आला, तर बायको अंबूबाई भिंतीला टेकून घामानं निथळत बसलेली. तिला जीपमध्ये घातलं. मागच्या सीटवर मुलगी आक्काताई, तिच्या मांडीवर आईचं डोकं. खिंडीच्या चढाला जीप ओढेना. आकारामनं पाय फळीपर्यंत दाबला तरी ओढेना. कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणायला पाहिजे होतं.

एवढंच डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. पण आक्काताईनं ते ऐकलं, आणि खिंडीत रडतखडत चढणारी जीपही तिनं बघितली होती, आणि चौदाची फुशारकीही तिनंच घरात बसून ऐकलेली होती. त्या दिवसापासून पाच महिने ती बापाशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. बारावी सायन्सची पोरगी. रोज एसटीनं खिंड ओलांडून कॉलेजला जायची. कुठल्याशा मास्तरांकडून तिला धम्मपालविषयी कळलं होतं. गेल्या आठवड्यात ताट ठेवताना ती पाच महिन्यांतलं पहिलं वाक्य बोलली.

"कळंब्यात एक सर हायत, ते मोजत्यात. पंपामुळं किती वेळ गेला ते मोजून आणा. कागदावर."

आकारामनं हे सांगितलं तेव्हा धम्मपालची बायको संघप्रिया दारात उभी होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि तिला मुलांच्या पायावर गणिताचा दगड पडलेला रोज बघायला मिळायचा. आकाराम गेल्यावर ती म्हणाली, "हे काम घेऊ नका."

"का?"

"दहा मिनिटं निघाली तर काय करणार?"

"निघाली तर कमी करून सांगीन. दोन सांगीन. त्याला कुठं कळतंय?"

"तुम्हाला जमेल?"

"जमवीन की," धम्मपाल म्हणाला. आजवर एकाही पोराला त्यानं अर्ध्या हॉर्सपॉवरचीसुद्धा सूट दिली नव्हती. पण हा माणूस वेगळा होता, त्याची पोरगी वेगळी होती, आणि आपल्या हातून एखाद्याचं घर पुन्हा बोलतं होत असेल तर एक आकडा खोटा पडायला हरकत नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आदल्या दिवशी दोघांनी कारखान्याच्या वजनकाट्यावर जीप नेली होती. मे महिना, उसाच्या गाड्या संपलेल्या, काटा मोकळा. अंबूबाईला नेलं त्या दिवशी जीपमध्ये जेवढं ओझं होतं तेवढं धरायचं होतं. आकारामचं वजन झालं, मुलीचं त्यानं कॉलेजच्या कार्डावरून सांगितलं.

"आणि त्यांचं?" धम्मपालनं विचारलं.

आकारामनं काट्याच्या लोखंडी पत्र्याकडं बघितलं.

"कधी केलं न्हाय तिचं वजन," तो म्हणाला. "पन्नास धरा. उचलली तवा लई न्हवती."

चुंबक बसला. रविवारची सकाळ होती, रस्त्याला रहदारी नव्हती. कळंब्याच्या पुढं गारगोटी रस्त्यावर जो सरळ, सपाट पट्टा आहे तिथं ते गेले. उद्यमनगरातून जोतीराम मिस्त्रीही स्कूटरवर पाना घेऊन आला होता. स्क्रू मागं घ्यायला आकारामला त्यानंच पहिल्यांदा धीर दिला होता आणि रात्री झोप त्यालाही नव्हती. आधी पंप आहे तसा ठेवून मोजायचं, मग स्क्रू पूर्वीच्या जागी आणून पुन्हा.

धम्मपाल वॉकमन मांडीवर घेऊन शेजारी बसला. "तिसऱ्या गिअरात हळू चालवा. मी दाबा म्हटलं की पूर्ण दाबायचं, आणि थांबा म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

"दाबा."

जीप गुरगुरली आणि वेग घेऊ लागली. थोड्या वेळानं आवाज हलकेच उतरला.

"मामा, पाय सोडू नका."

"सोडला काय म्या?" आकारामनं खाली बघितलं. "सवय हाय सर. अॅव्हरेजची."

परत फिरून आले. रस्त्याचा उतार आणि वारा यांची फिटंफाट व्हावी म्हणून प्रत्येक वेळी जाताना एकदा, येताना एकदा मोजायचं. आकारामनं तीन फेऱ्या केल्या आणि पुढच्या कुठल्याही फेरीत पाय सोडला नाही. त्याच्या पोटरीची शीर ताणलेली धम्मपालला दिसत होती. मग जोतीरामनं बॉनेट उघडून स्क्रू दीड आटा आत घेतला, सीलची तार लावली, आणि पुन्हा तीन फेऱ्या झाल्या. या वेळी जीप कशी ओढते हे कुणालाच सांगावं लागलं नाही. उतरल्यावर आकाराम बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"ही अशी ओढ असती," तो म्हणाला, "तर."

जोतीराम दुसरीकडं बघू लागला.

घरी आल्यावर धम्मपालनं टेप लावली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या रेषा उमटू लागल्या. आकाराम स्टुलावर, जोतीराम उंबऱ्यात.

"ह्यातलं टॉर्क म्हंजे काय आणि हॉर्सपॉवर म्हंजे काय?" आकारामनं विचारलं. पोरीनं विचारलं तर सांगता यावं म्हणून असेल.

"टॉर्क म्हणजे बैलाची ओढ धरा," धम्मपाल म्हणाला. "आणि त्या ओढीनं तो किती लवकर शेताच्या टोकाला पोचतो, ती हॉर्सपॉवर."

पंप कमी असताना चाकांशी तीस हॉर्सपॉवर. पंप पूर्ण असताना छत्तीस. धम्मपालनं ते आकडे तीनदा तपासले. मग खिंडीचा चढ किती, लांबी किती, पुढं कोल्हापूरपर्यंत सपाट रस्ता किती, हे आकारामला विचारून घातलं. खिंड चार किलोमीटर. आता एंटर दाबायचं होतं. दहा, आठ, बारा, काहीही येऊ शकत होतं, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

उत्तर आलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि त्याला एवढं हलकं वाटलं की तो खुर्चीतच वळला.

"एक मिनिट पन्नास सेकंद."

"काय?"

"पंप पूर्ण असता तर तुम्ही एक मिनिट पन्नास सेकंद आधी पोचला असता. तेवढाच फरक. चढाला जीप मेल्यासारखी वाटते, पण चढ आहेच किती? चार किलोमीटर. बाकी रस्ता सपाट. तिथं तुम्ही रस्ता देईल तेवढंच पळवणार."

जोतीराम उंबऱ्यात उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याची त्याला लाज नव्हती. "आकाराम, लेका, दोन मिनिटं बी न्हाय," तो म्हणाला. "पाच महिनं म्या बायकोच्या तोंडाकडं बघितलं न्हाय रं." मग गॅरेज उघडायचं आहे म्हणून तो स्कूटर काढून गेला. वळणावर त्यानं हॉर्नही वाजवला.

आकाराम हलला नव्हता.

"टेप हळू फिरली असंल," तो म्हणाला.

"तिच्यावर घड्याळ आहे की. हळू फिरली तरी कळतं."

"वजन चुकलं असंल. तिचं म्या अंदाजानं सांगिटलं."

धम्मपालनं पन्नासच्या जागी शंभर घालून दाखवलं. चार सेकंद वाढले.

"परत एकदा फेरी मारूया?"

"मारूया की. पण हेच येणार मामा. सहा फेऱ्यांत एकसारखं आलंय."

आपल्याला वाटलं होतं तसं काही घडत नाही, हे धम्मपालच्या लक्षात येऊ लागलं होतं. संघप्रियानं आणलेल्या चहावर साय धरली. आकारामनं कप उचलला, बघितला आणि परत ठेवला.

"पहाटं उठवलं हुतं तिनं मला," तो म्हणाला.

धम्मपालनं टेप बंद केली.

"पाच वाजता. छातीत धरलंय म्हणाली. हात जड झालाय म्हणाली. म्या म्हटलं, पित्त असंल. वाडीची वर्दी हुती. पाच बायका दारात यिऊन बसल्याल्या. म्हटलं, आल्यावर बघू. ती बी म्हणाली, जावा, देवाची वर्दी हाय, मोडू नका. पोरगी झोपली हुती, तिला उठवू नका म्हणाली."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली.

"अकरा वाजता वाडीत मोकळा झालतो सर. बायकांचं दर्शन झालतं. गाडीत बसल्या हुत्या समद्या. तर म्या रांगेत हुबारलो. कवठाची बर्फी घ्यायला. तिला आवडायची. अर्धा तास हुबा हुतो."

"मामा..."

"पाचपासनं दोनपतोर किती तास झालं? म्या पंपाचंच धरून बसलतो. रोज खिंड चढताना म्हणायचो, ह्येनं घात केला, ह्या स्क्रूनं. दहा मिनिटं ह्येनं खाल्ली." त्यानं तळवा गुडघ्यावर घासला. "आता त्ये बी न्हाय ऱ्हायलं."

धम्मपालला वाटलं, आपण या माणसाला देणगी द्यायला निघालो होतो आणि त्याच्या हातातली काठी काढून घेतली. तो खोटं बोलायला तयार होता, पण उलट्या बाजूनं. खरं बोलावं लागलं याचा त्याला आनंद झाला होता. त्या आनंदाची आता त्याला शरम वाटली.

"घरात कुणाला माहीत आहे?"

"न्हाय."

"मग झालं तर. मी कागदावर हेच काढून देतो. दोन मिनिटं. पोरगी बोलायला लागेल तुमच्याशी."

"त्येच की," आकाराम म्हणाला. "दोन वाचलं की बोलाया लागंल ती. आबा, तुमची चूक न्हवती म्हणंल. म्या पाच महिनं उगंच धरून बसले म्हणंल. माझ्याजवळ बसून जेवंल. मला ते गिळवायचं न्हाय सर."

"मग खरं सांगा तिला. पहाटेचं."

आकारामनं तोंड उघडलं, जणू इथंच बोलून बघत होता. मग मिटलं.

"जीभ रेटत न्हाय."

धम्मपालनं कॉम्प्युटरकडं बघितलं. एवढे दिवस त्यात काय काय मोजता येईल याची स्वप्नं तो बघत आला होता.

"दहा लिवा," आकाराम म्हणाला.

"काय?"

"डॉक्टर दहा म्हणालतं. तुमी बी दहाच लिवा. पंपानं दहा मिनिटं खाल्ली. मग ती अशीच ऱ्हाईल, ताट वाढंल आणि आत जाईल. त्येवढं मला सोसतंय." आणि मग, धम्मपाल काही बोलण्याआधी, "तुमच्या पाया पडतो."

तो खरंच उठू लागला. धम्मपालनं त्याचा दंड धरून त्याला बसवलं. माणूस वयानं मोठा, त्याच्या हाताला डिझेलचा वास.

"बसा," तो म्हणाला. "काढतो."

टेपमधून आलेल्या आकड्यांना हात लावायला त्याचं मन होईना. तीसचे सतरा करणं त्याला जमलं नसतं. ते आकडे सहा फेऱ्यांत जीपनं स्वतः दिलेले होते. मग त्यानं दुसरा रस्ता काढला. खिंडीच्या लांबीच्या ठिकाणी चारचे आठ केले. पुरेना. सोळा केले. शेवटी बावीस केल्यावर दहा मिनिटं भरली. कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही.

प्रिंटर करकरत कागद ओढू लागला. दोन प्रती निघाल्या. एक त्यानं फाडून आकारामला दिली. सगळं इंग्रजीत होतं. आकारामनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एक आणि शून्य ओळखून मान हलवली.

"दहा," तो म्हणाला. "उपकार झालं."

त्यानं कागदाची घडी घालून ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. पैशाचं विचारलं, धम्मपालनं नको म्हटलं. जीप सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

संघप्रिया थंड झालेला चहा उचलायला आली. "किती निघाली?"

"दोन."

"मग बरं झालं की."

"मी दहा लिहून दिली."

तिनं कप हातात तसाच धरला. काय झालं ते धम्मपालनं तिला सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मध्येच बर्फीचं आधी सांगितलं आणि पहाटेचं नंतर. ती ऐकून घेत राहिली. मग मेजावर उरलेली दुसरी प्रत तिनं उचलली आणि शाळेतल्या बाई जशा वही तपासतात तशी वरून वाचायला लागली.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

त्यानं कागद घेतला. पैजवाली पोरं मागाहून भांडतात, वजन चुकीचं घातलं म्हणतात, म्हणून त्यानंच प्रोग्रॅममध्ये सोय करून ठेवली होती. घातलेली सगळी माहिती कागदावर सगळ्यात वर, ठळक छापली जायची. जीपचं वजन. आतल्या माणसांचं वजन. सपाट रस्ता. खिंडीची लांबी, बावीस किलोमीटर.

तो कागद हातात घेऊन फाटकापर्यंत धावत गेला. रस्ता मोकळा होता. जीप केव्हाच नजरेआड झाली होती.

"फोन आहे का त्यांच्याकडं?" मागून संघप्रियानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

तो तिथंच उभा राहिला. एव्हाना आकाराम बिद्रीच्या वाटेला लागला असेल. घरी पोचून तो खिशातला कागद काढून पोरीसमोर ठेवील आणि जेवणाची वाट बघत बसेल. आक्काताई रोज दोनदा त्या खिंडीतून जात होती. कागद ती वरून वाचणार होती.